टेस्ट कनेक्शन हिरवे, तरी रात्रीचा जॉब पडतो: वजनकाट्याच्या डेटाबेसची जोडणी नेमकी कुठे तुटते?

बुटीबोरी_डेटा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमचा कारखाना नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि कार्यालय मिहानमध्ये. कारखान्याच्या फाटकापाशी वजनकाटा आहे. त्याच्या केबिनमधील विंडोज संगणकावर पुरवठादाराने बसवून दिलेला एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस चालतो, आणि काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक ट्रकचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, माल आणि गाव यांची नोंद त्यात होते. आमचे इंटिग्रेशन सॉफ्टवेअर रोज रात्री पावणेदोन वाजता या नोंदी उचलते, खरेदीच्या बिलांशी त्यांचा मेळ घालते आणि निकाल मुंबईच्या डेटा सेंटरमधील ओरॅकल डेटाबेसमध्ये लिहिते. हा जॉब प्रत्यक्ष चालवणारा सॉफ्टवेअरचा एजंट कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर आहे. जॉब तयार करण्याचे डिझायनर माझ्या लॅपटॉपवर आहे.

महिनाभरापासून हा जॉब आठवड्यातून एक-दोनदा पडत असे. सकाळी पुन्हा चालवला की तो निमूटपणे पूर्ण होई, त्यामुळे खरे सांगायचे तर आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही. गेल्या मंगळवारपासून मात्र तो रोज पडतो आहे आणि सकाळी पुन्हा चालवूनही उपयोग होत नाही. मी डिझायनरमध्ये जाऊन सोर्सवर, म्हणजे काट्याच्या डेटाबेसवर, 'टेस्ट कनेक्शन' दाबले की प्रत्येक वेळी हिरवी खूण येते. टार्गेटचेही, म्हणजे मुंबईच्या ओरॅकलचेही, तसेच आहे. नेटवर्क विभाग म्हणतो की फायरवॉलमध्ये काहीही बदललेले नाही, आणि काट्याचा पुरवठादार म्हणतो की केबिनमध्ये पावत्या व्यवस्थित छापल्या जात आहेत, म्हणजे डेटाबेस सुरूच आहे. दोघांचेही म्हणणे खरे दिसते.

आतापर्यंत मी पासवर्ड पुन्हा भरून पाहिला, ड्रायव्हरची (डेटाबेसशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) जार फाइल नवी टाकली, एजंट बंद करून सुरू केला आणि टाइमआउट ३० सेकंदांवरून १२० सेकंदांवर नेला. शेवटच्या बदलाने एवढेच झाले की जॉब पडायला अधिक वेळ लागू लागला. लॉगच्या खिडकीत 'टीसीपी/आयपी कनेक्शन टू द होस्ट' अशी सुरुवात असलेला संदेश दिसतो आणि पुढे तो तुटतो. तपासाला कुठून सुरुवात करावी, याचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

जुना_डीबीए यांचे उत्तर

आपण केलेले चारही उपाय जोडणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत, आणि जोडणी कोणत्या टप्प्यावर अडते हे ठरण्याआधीच ते करून झाले आहेत. त्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: हिरवी खूण मिळाली ती चाचणी कोणत्या यंत्रावरून झाली?

बहुतेक इंटिग्रेशन सॉफ्टवेअरमध्ये डिझायनरमधील चाचणी, वेगळे सांगितले नाही तर, डिझायनर ज्या यंत्रावर उघडलेले आहे तिथूनच होते. ओरॅकल डेटा इंटिग्रेटर वापरणाऱ्यांना चाचणीच्या खिडकीतील 'लोकल (नो एजंट)' हा पर्याय आठवत असेल. तो निवडलेला असेल तर एजंटचा त्या चाचणीशी काहीही संबंध नसतो. म्हणजे आपली हिरवी खूण एवढेच सांगते की आपल्या लॅपटॉपवरून, त्यावरील ड्रायव्हर वापरून, त्या क्षणी लॉगिन झाले. रात्री पावणेदोनला आपला लॅपटॉप घरी बॅगेत असतो आणि काट्याच्या संगणकाकडे जातो तो लिनक्स सर्व्हर. त्याचा नेटवर्कमधील मार्ग वेगळा, त्याची नावे शोधण्याची पद्धत वेगळी आणि त्याच्या फोल्डरमधील जार फाइलही वेगळी. आपण नवी जार फाइल डिझायनरच्या 'यूझरलिब' फोल्डरमध्ये टाकली असेल, तर एजंटला तिची गंधवार्ताही नाही.

म्हणून चाचणीच्या खिडकीत एजंट निवडून पुन्हा पाहा. तशी सोय नसेल तर एजंटच्या सर्व्हरवर, एजंट ज्या खात्याने चालतो त्याच खात्याने लॉगिन करा आणि पुढील क्रमाने जा. आधी काट्याच्या संगणकाचे नाव तिथून आयपी पत्त्यात रूपांतरित होते का ते पाहा. विंडोज यंत्रे एकाच नेटवर्कमध्ये असली की एकमेकांना छोट्या नावाने ओळखतात. लिनक्सला ते नाव डीएनएसमध्ये किंवा होस्ट्स फाइलमध्ये सापडावे लागते. नाव सापडले तर 'एनसी' किंवा 'टेलनेट' या आज्ञेने पोर्टपर्यंत, म्हणजे डेटाबेस ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो तिथपर्यंत, पोहोचता येते का ते पाहा. पोर्ट उघडले तरच लॉगिन आणि पासवर्ड यांचा विचार करायचा, आणि लॉगिन झाले तरच टेबलावरील अधिकारांचा. टार्गेटसाठीही हाच क्रम लागू आहे. तिथे आणखी एक सावधगिरी अशी की 'टीएनएसपिंग' यशस्वी झाले म्हणजे फक्त लिसनर (येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारी ओरॅकलची सेवा) सापडला. त्यामागचा डेटाबेस सुरू आहे की नाही हे ती आज्ञा पाहत नाही.

त्रुटीचा संदेश पूर्ण वाचणे सर्वांत महत्त्वाचे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात समोरचे यंत्र सापडलेले असते आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही असे ते लगेच, सेकंदाच्या आत कळवते. तिथे बहुधा सेवा बंद असते किंवा पोर्ट चुकलेले असते. दुसऱ्यात काहीच उत्तर येत नाही, कारण पाठवलेले पॅकेट वाटेत कोणीतरी गुपचूप टाकून दिलेले असते, आणि असे करणारा बहुधा फायरवॉल असतो. ओरॅकलमध्येही हा भेद क्रमांकांत दिसतो: ओआरए-१२५४१ म्हणजे त्या पोर्टवर लिसनर नाही, ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनर आहे पण आपण मागितलेली सर्व्हिस त्याला ठाऊक नाही, आणि ओआरए-१२१७० म्हणजे वेळ संपली. टाइमआउट वाढवल्यावर जॉब अधिक उशिरा पडू लागला, ही आपण दिलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे. त्यावरून मला दुसरा प्रकार वाटतो, परंतु लॉगची मूळ फाइल उघडून पूर्ण ओळ इथे द्यावी.

बुटीबोरी_डेटा

सर, आपला अंदाज बरोबर निघाला. एजंट निवडून चाचणी केली तर बरोबर १२० सेकंदांनी लाल खूण आली. लिनक्स सर्व्हरवर काट्याच्या संगणकाचे नाव व्यवस्थित सापडते. लॉगच्या मूळ फाइलमधील पूर्ण ओळीत होस्टच्या नावानंतर 'पोर्ट ५१२०४ हॅज फेल्ड' आणि त्यापुढे 'कनेक्ट टाइम्ड आउट' असे आहे. खिडकी अरुंद असल्यामुळे हा भाग मला कधी दिसलाच नव्हता. मी मात्र जोडणीत कुठेही ५१२०४ हा आकडा लिहिलेला नाही. मी संगणकाचे नाव आणि इन्स्टन्सचे (त्यावर बसवलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या प्रतीचे) नाव एवढेच दिले आहे. नेटवर्क विभागाने फायरवॉलचा नियम दाखवला, त्यात यूडीपी १४३४ आणि टीसीपी ४९७३१ ही दोन पोर्टे उघडी आहेत. हा ५१२०४ आला कुठून?

मिहान_नेटवर्क यांचे उत्तर

तो आकडा खुद्द एसक्यूएल सर्व्हरने दिला आहे. नाव दिलेला इन्स्टन्स, आणि एक्सप्रेस आवृत्ती सहसा तशीच बसते, १४३३ या ठरलेल्या पोर्टवर न बसता सुरू होताना एखादे मोकळे पोर्ट घेतो. विंडोजमध्ये अशा पोर्टांची पट्टी ४९१५२ ते ६५५३५ अशी आहे. आपले दोन्ही आकडे तिच्यातच मोडतात. ग्राहकाला हे पोर्ट ठाऊक नसल्यामुळे त्याचा ड्रायव्हर आधी यूडीपी १४३४ वर एसक्यूएल ब्राउझर सेवेला विचारतो, ती त्या घडीचे पोर्ट सांगते, आणि मग ड्रायव्हर तिकडे वळतो. यूडीपी १४३४ बंद असते तर आपल्याला वेगळाच संदेश दिसला असता. त्या संदेशात १४३४ चा स्पष्ट उल्लेख असतो.

एसक्यूएल सर्व्हर मागच्या वेळचे पोर्ट नोंदवून ठेवतो आणि पुन्हा सुरू होताना तेच घेण्याचा प्रयत्न करतो, म्हणून महिनोन्‌महिने काही बदलत नाही आणि सर्वांना ते पोर्ट कायमचे वाटू लागते. आपल्याकडे ज्याने पहिल्या दिवशी नियम लिहिला त्याने त्या दिवशीचे ४९७३१ पाहून तेवढेच उघडले असणार. नंतर कधीतरी काट्याचा संगणक बंद होऊन सुरू झाला, त्या वेळी ते पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने आधीच घेतलेले होते, आणि एसक्यूएल सर्व्हरने ५१२०४ घेतले. मंगळवारच्या आसपास केबिनची वीज गेली होती का, ते विचारा. मे महिन्यात नागपुरात हा प्रश्न विचारावा लागू नये, पण तरी विचारा.

आपल्या लॅपटॉपवर सगळे हिरवे का, याचेही उत्तर बहुधा इथेच आहे. आपण व्हीपीएनने जोडला जात असाल तर आपल्या लॅपटॉपला कारखान्याच्या अंतर्गत नेटवर्कचा पत्ता मिळत असेल आणि तिथे पोर्टांवर बंधन नसेल.

उपाय सोपा आहे. काट्याच्या संगणकावर 'एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर' उघडून टीसीपी/आयपीच्या गुणधर्मांत 'आयपी ॲड्रेसेस' या भागात सर्वांत खाली 'आयपीऑल' आहे. तिथे 'टीसीपी डायनॅमिक पोर्ट्स' ही चौकट पूर्ण रिकामी करा. तिच्यात शून्य राहिले तर त्याचा अर्थ 'स्वतः निवड' असाच होतो. ही चूक मी स्वतः एकदा करून अर्धा दिवस घालवला आहे. मग 'टीसीपी पोर्ट' या चौकटीत १४३३ लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा. फायरवॉलमध्ये तेवढे एकच टीसीपी पोर्ट उघडा, जुना नियम काढून टाका, आणि जोडणीत इन्स्टन्सच्या नावाऐवजी पोर्ट लिहा. दोन्ही लिहिले तर मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हर पोर्टच मानतो आणि नावाकडे दुर्लक्ष करतो. त्यामुळे नाव ठेवून काही बिघडत नाही, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

जाता जाता: आपण ड्रायव्हर नवा टाकला आहे. मायक्रोसॉफ्टच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये १०.२ या आवृत्तीपासून एन्क्रिप्शन मुळातच सुरू असते. जुन्या एसक्यूएल सर्व्हरचे प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असेल तर पोर्ट उघडल्यानंतर आपल्याला 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' हा पुढचा संदेश भेटेल. तो आला तर निराश होऊ नका. याचा अर्थ आपण एक टप्पा पुढे गेलात. एजंटच्या जावाच्या विश्वासू प्रमाणपत्रांत काट्याच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र आयात करणे हा त्यावरचा योग्य मार्ग आहे. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा पर्यायही असतो, आणि पुष्कळ लोक तोच घेतात, परंतु मी तो सुचवणार नाही.

बुटीबोरी_डेटा

काल दुपारी स्वतः बुटीबोरीला जाऊन आलो. केबिनमधल्या भाऊंना विचारले तर ते म्हणाले की सोमवारी संध्याकाळी वादळात वीज गेली होती, यूपीएसची बॅटरी दोन महिन्यांपासून गेलेली आहे, आणि संगणक त्यांनीच पुन्हा सुरू केला. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नव्हते. पोर्ट १४३३ वर पक्के केले. आपण सांगितलेला प्रमाणपत्राचा संदेशही नेमका आला. प्रमाणपत्र आयात केल्यावर गेला. आता एजंटवरून केलेली चाचणी हिरवी आहे.

परंतु काल रात्री जॉब पुन्हा पडला, आणि या वेळी सोर्सवर नव्हे. काट्याच्या नोंदी व्यवस्थित उचलल्या गेल्या, बिलांशी मेळही झाला, आणि ओरॅकलमध्ये लिहायला सुरुवात करताच जॉब सुमारे १५ मिनिटे तसाच थांबून राहिला आणि मग जोडणी तुटल्याचा संदेश देऊन पडला. जुने लॉग काढून पाहिले तर महिनाभर अधूनमधून पडत असे तो हाच प्रकार होता, आणि ते दिवस बुधवार आणि शनिवार हेच आहेत. त्या रात्री बिलांच्या सर्व्हरचा बॅकअप चालतो आणि मेळ घालण्याच्या टप्प्याला पंचवीस मिनिटांऐवजी सव्वा तास लागतो. टार्गेटची एजंटवरून केलेली चाचणी मात्र आताही हिरवीच आहे.

जुना_डीबीए

म्हणजे आपल्याकडे दोन आजार होते आणि दोघांना एकच नाव पडले होते. दुसऱ्याचे निदान आपणच जवळजवळ केले आहे. सव्वा तास आणि १५ मिनिटे या दोन आकड्यांत ते आहे.

आपला जॉब सुरुवातीलाच सोर्स आणि टार्गेट या दोन्ही जोडण्या उघडत असावा. टार्गेटची जोडणी उघडते, आणि मेळ पूर्ण होईपर्यंत तिच्यावरून एकही पॅकेट जात नाही. कार्यालय आणि मुंबई यांच्यामधला फायरवॉल चालू जोडण्यांची यादी ठेवतो आणि ज्या जोडणीवर ठरावीक काळ हालचाल नाही तिची नोंद पुसतो. अनेक फायरवॉलमध्ये ही मर्यादा मुळात ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असते. नोंद पुसल्याचे तो बहुधा कोणत्याच बाजूला कळवत नाही. पंचवीस मिनिटांच्या रात्री जोडणी जिवंत राहते आणि सव्वा तासाच्या रात्री मरते, हे यामुळे. मेलेल्या जोडणीवर एजंट लिहू लागतो, उत्तर येत नाही, आणि लिनक्स तेच पॅकेट वाढत्या अंतराने पुन:पुन्हा पाठवत राहतो. मूळ सेटिंगमध्ये तो १५ वेळा प्रयत्न करतो आणि त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. आपला जॉब थांबून राहतो तो याच काळात.

टेस्ट कनेक्शनला हे कधीच सापडणार नाही, कारण ती चाचणी नवी जोडणी उघडते, एक छोटी क्वेरी चालवते आणि लगेच बंद करते. तिला जुनी होण्याची संधीच मिळत नाही. खातरजमा करायची असेल तर एजंटच्या सर्व्हरवरून एसक्यूएलप्लसने ओरॅकलमध्ये लॉगिन करा, ड्युअल टेबलावर (ओरॅकलमध्ये तयारच असलेल्या एका ओळीच्या टेबलावर) एक क्वेरी चालवा, खिडकी तशीच ठेवून ७० मिनिटे दुसरे काम करा आणि मग तीच क्वेरी पुन्हा चालवा. दुसऱ्या खिडकीत हाच प्रयोग ३० मिनिटांचा करा. पहिली अडकली आणि दुसरी चालली, तर नेटवर्क विभागासमोर ठेवायला आपल्याकडे पुरावा असेल.

लिनक्सचे टीसीपी कीपअलाइव्ह (शांत जोडणीवर अधूनमधून चाचपणीचे पॅकेट पाठवण्याची सोय) इथे आपोआप मदतीला येत नाही. ते आधी जोडणीवर सुरू करावे लागते, आणि सुरू केले तरी त्याची मूळ वेळ ७२०० सेकंद असते. फायरवॉल एका तासाने विसरतो आणि लिनक्स दोन तासांनी आठवण करून देतो. म्हणून एकतर ओरॅकलच्या सर्व्हरवरील एसक्यूएलनेट फाइलमध्ये 'एक्सपायर टाइम' १० ठेवायला सांगा. ही संख्या मिनिटांत असते आणि दर दहा मिनिटांनी सर्व्हरच जोडणीवर चाचपणी करतो, त्यामुळे फायरवॉलला हालचाल दिसत राहते. नाहीतर जोडणीच्या वर्णनात 'इनेबल=ब्रोकन' (ENABLE=BROKEN) हे लिहून कीपअलाइव्ह सुरू करा आणि एजंटच्या लिनक्सवर त्याची वेळ ६०० सेकंदांवर आणा. यांपैकी एक पुरेसे आहे. मला स्वतःला याहून आवडणारा मार्ग म्हणजे जॉबचे दोन भाग करून टार्गेटची जोडणी मेळ संपल्यानंतरच उघडणे, कारण तो पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी मुंबईला कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

आणखी एक, कारण आपण सारखे टेस्ट कनेक्शन दाबता असे दिसते. ओरॅकलच्या मूळ प्रोफाइलमध्ये पासवर्ड दहा वेळा चुकला की खाते कुलूपबंद होते. एजंट स्वतःहून पुन्हा प्रयत्न करणारा असेल तर चुकीचा पासवर्ड साठवून ठेवलेला एकच जॉब खाते बंद पाडायला पुरेसा आहे, आणि मग ओआरए-२८००० आला की सगळे नेटवर्क तपासत बसतात. त्याच प्रोफाइलमध्ये पासवर्डची मुदत १८० दिवसांची असते. जॉबसाठीच्या खात्याची मुदत एकदा पाहून ठेवा.

विदर्भ_ईटीएल यांचे उत्तर

वरील दोघांनी जोडणीचे सर्व सांगितले आहे; मी फक्त त्यापुढच्या एका पायरीबद्दल लिहितो. आपल्या नोंदींत गावाचे नाव आहे आणि ते देवनागरीत असेल, तर चाचणीसाठी ड्युअल टेबलावरची क्वेरी न वापरता काट्याची एक खरी नोंद टार्गेटपर्यंत नेऊन पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट घेते, आणि ओरॅकलमध्ये व्हारकार२ या मजकुराच्या रकान्याची लांबी वेगळे सांगितले नाही तर बाइटमध्येच मोजली जाते. ३० लांबीच्या रकान्यात 'अकोला' १५ बाइटांत सहज बसते, पण 'मूर्तिजापूर' ३३ बाइटांचे होते आणि ओआरए-१२८९९ देऊन संपूर्ण जॉब पाडते. आमच्याकडे असा जॉब कित्येक आठवडे चालला, आणि ज्या दिवशी मूर्तिजापूरहून पहिला ट्रक आला त्या दिवशी पडला. त्या रात्रीही सर्वांनी आधी टेस्ट कनेक्शनच दाबले होते. गावांऐवजी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर काट्याच्या टेबलात तो रकाना एनव्हारकार (युनिकोड मजकुराचा) आहे की नुसता व्हारकार, हे आधी पाहा. नोंद करतानाच अक्षरे हरवली असतील तर पुढे कोणताही ड्रायव्हर ती परत आणू शकत नाही.

बुटीबोरी_डेटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ३० मिनिटांची खिडकी चालली आणि ७० मिनिटांची अडकली. ते लॉग मी नेटवर्क विभागाला पाठवले. तेव्हा कळले की आमच्या फायरवॉलची मर्यादा खरोखरच ३६०० सेकंद आहे आणि ती बदलायला त्यांची तयारी नाही. त्यामुळे जॉबचे दोन भाग केले. बुधवारी रात्री बॅकअप चालू असतानाही मेळाला एक तास अठरा मिनिटे लागली, त्यानंतर टार्गेटची जोडणी उघडली आणि चार मिनिटांत सर्व नोंदी लिहून झाल्या. शनिवारची रात्र अजून बाकी आहे.

गावाचा रकाना एनव्हारकार आहे, परंतु टार्गेटमध्ये लांबी ४० बाइटच ठेवलेली होती. ती आता अक्षरांत मोजायला लावली आहे. केबिनच्या यूपीएसला नवी बॅटरी मागवली आहे. ओरॅकलच्या खात्याची मुदत पाहिली तर २३ दिवस उरले आहेत.